कार्ल लांगेनबुख

कार्ल योहान ऑगस्ट लांगेनबुख (२० ऑगस्ट, इ.स. १८४६; कील – ९ जून, इ.स. १९०१; बर्लिन) हे जर्मन शल्यविशारद होते. खडे झालेले पित्ताशय शस्त्रक्रियेने संपूर्ण काढून टाकण्याचा मान वैद्यकाच्या इतिहासात त्यांच्याकडे जातो. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात त्यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. आज दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून, जगभर रोज होणारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया मूलतः त्यांचीच आहे. पोट उघडण्याची रीत बदलली; आत जे करावयाचे ते फारसे बदललेले नाही.

== सुरुवातीचे जीवन ==

लांगेनबुख यांचा जन्म बाल्टिक समुद्राच्या काठावरील कील या बंदराच्या शहरात झाला. वैद्यकाचे शिक्षणही त्यांनी तेथेच घेतले. युद्धभूमीवरील जखमींच्या उपचारासाठी प्रसिद्ध असलेले फ्रीडरिश एस्मार्ख त्या काळी कील येथे शिकवीत असत. १८६९ मध्ये पदवी मिळविल्यावर लांगेनबुख बर्लिनला आले आणि बेथानिएन रुग्णालयात रोबर्ट विल्म्स यांच्या हाताखाली काम करू लागले.

१८७३ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांची लाझारुस रुग्णालयाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. हे विद्यापीठाचे रुग्णालय नव्हते. प्रॉटेस्टंट पंथाच्या सेविका ते चालवीत आणि शहराच्या उत्तर भागातील कामगार वस्तीतील रुग्ण तेथे येत. बर्लिनमधील शस्त्रक्रियेची मोठी पीठे शारिटे व विद्यापीठाच्या शल्यगृहात होती. अशा परिस्थितीत एका धर्मादाय रुग्णालयातील तरुण डॉक्टरने नवी शस्त्रक्रिया मांडणे ही साधी गोष्ट नव्हती. लांगेनबुख अखेरपर्यंत याच रुग्णालयात राहिले. रुग्णालयाची इमारत बेर्नाउअर रस्त्यावर आहे. पुढे विसाव्या शतकात बर्लिनची भिंत याच रस्त्याने गेली.

== त्यापूर्वीचे उपचार ==

पित्त यकृतात तयार होते. त्याचा काही भाग पित्ताशय या लहान पिशवीत साठतो, घट्ट होतो आणि जेवणानंतर आतड्यात सोडला जातो. या पिशवीत खडे झाले आणि एखादा तोंडाशी अडकला, की उजव्या बरगडीखाली असह्य कळा येतात. पिशवीला सूज येऊन पू झाला, ती फुटली किंवा खडा मुख्य पित्तनलिकेत उतरला, तर जीव धोक्यात येतो. एकोणिसाव्या शतकात अशा रुग्णांना पथ्य, औषधी झऱ्यांचे पाणी आणि वेदना शमविण्यासाठी अफू किंवा मॉर्फिन एवढेच मिळे. बरेच रुग्ण पुढे मॉर्फिनच्या आहारी जात.

शस्त्रक्रियेचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. अठराव्या शतकात फ्रान्सचे झाँ-लुई पेती यांनी पोटाच्या भिंतीला चिकटलेले पित्ताशय बाहेरून छेद देऊन रिकामे करण्याची कल्पना मांडली. १८६७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्ज यांनी एका स्त्रीच्या पोटातील गाठ म्हणून शस्त्रक्रिया केली, ती गाठ खड्यांनी भरलेले पित्ताशय निघाले. त्यांनी ते उघडून खडे काढले व पुन्हा शिवले. १८७८ मध्ये मेरियन सिम्स व थिओडोर कोखर यांनी आणि १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी पित्ताशयाला छिद्र करून खडे व पित्त बाहेर काढण्याचे मार्ग अवलंबिले. यात पित्ताशय जागेवरच राहत असे. छिद्रातून पित्त आठवडेच्या आठवडे पाझरत राही, आणि त्याच पिशवीत पुन्हा खडे होत.

== विचार आणि तयारी ==

लांगेनबुख यांनी या रीतीच्या मुळाशीच शंका घेतली. खडा हे रोगाचे फळ आहे आणि ते फळ देणारी पिशवीच रोगट आहे, तेव्हा खडे काढून पिशवी ठेवणे म्हणजे अर्धेच काम, असे त्यांचे मत बनले. पिशवी काढल्यास माणूस जगेल का, हा पुढचा प्रश्न. सतराव्या शतकात इटलीतील झांबेकारी यांनी कुत्र्यांचे पित्ताशय काढून ते जगतात असे दाखविले होते. घोडा आणि हत्ती यांना तर निसर्गतःच पित्ताशय नसते. हे सर्व ज्ञान पुस्तकांत दोनशे वर्षे पडून होते. माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ लावण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

धाडस हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे, कारण लांगेनबुख यांनी घाई केली नाही. जिवंत रुग्णाला हात लावण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे मृतदेहांवर सराव करून शस्त्रक्रियेचा क्रम निश्चित केला. पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यावयाचा: आडवी रेघ यकृताच्या कडेने आणि उभी रेघ पोटाच्या उजव्या स्नायूच्या बाहेरील कडेने. आतडी मोठ्या स्पंजने खाली ढकलायची, यकृत वर उचलायचे, म्हणजे पित्तनलिका असलेला पडदा ताणला जातो आणि पित्ताशयाची नळी स्पष्ट दिसते. ती रेशमी धाग्याने बांधायची. मग पित्ताशय यकृतापासून सोडवायचे, सुईने रिकामे करायचे आणि बांधलेल्या जागेपलीकडे कापून काढायचे.

या क्रमात एक सूक्ष्म शहाणपण आहे. नळी आधी ओळखून बांधल्यामुळे पित्त पोटात सांडत नाही. पोटात पित्त सांडणे म्हणजे त्या काळी बहुधा मृत्यूच. तोपर्यंत जोसेफ लिस्टर यांची कार्बोलिक आम्लाने जंतूंचा बंदोबस्त करण्याची पद्धत जर्मनीत रुजली होती आणि भूल देण्याची सोय होतीच. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध याच बर्लिन शहरात याच वर्षी, मार्च १८८२ मध्ये, जाहीर केला होता. ज्यांच्यामुळे पोट उघडणे शक्य झाले ती दोन्ही साधने, भूल आणि जंतुनाशन, लांगेनबुख यांना तयार मिळाली. त्यांचे स्वतःचे भांडवल म्हणजे शरीररचनेचा अभ्यास आणि धीर.

== १५ जुलै १८८२ ==

पहिला रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष होता. सोळा वर्षे तो पित्ताच्या कळांनी हैराण होता. वजन फार उतरले होते आणि मॉर्फिनवाचून त्याचा दिवस जात नव्हता. दुसरा कोणताही उपाय उरला नव्हता, हे शस्त्रक्रियेसाठी त्याची निवड होण्याचे कारण. रुग्णालयात दाखल करून पाच दिवस एनिमा देऊन त्याचे पोट साफ ठेवण्यात आले. मग ठरविलेल्या क्रमाने शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या पित्ताशयाची भिंत जाड झाली होती आणि आत दोन खडे मिळाले.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला ताप नव्हता. दुखणेही थोडेच होते, आणि तो चिरूट ओढत बसला होता. चिरुटाचा हा तपशील लांगेनबुख यांच्यावरील बहुतेक लेखांत आढळतो. बाराव्या दिवशी रुग्ण उठून हिंडू लागला आणि सुमारे दीड महिन्याने, वजन वाढून, घरी गेला. लांगेनबुख यांनी त्याच वर्षी बर्लिनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात या एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

== वाद आणि निष्पत्ती ==

एका रुग्णाच्या यशाने वैद्यक जग पटले नाही. सर्वांत तीव्र विरोध लॉसन टेट यांचा होता. टेट हे पोटाच्या शस्त्रक्रियेतील त्या काळचे अग्रगण्य नाव, आणि छिद्र करून खडे काढण्याच्या पद्धतीत त्यांना चांगले यश येत होते. पूर्ण अवयव काढणे त्यांना निरर्थक वाटे. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. छिद्र करणे सोपे, थोड्या वेळात होणारे. पित्ताशय काढणे अवघड, आणि त्यात यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी किंवा मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाण्याची भीती. लांगेनबुख यांच्या बाजूचा मुद्दा असा, की सोप्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुनःपुन्हा आजारी पडतो. शस्त्रक्रिया किती अवघड आणि रुग्णाचे पुढे काय होते, या दोन मापांतील हा वाद पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला तेव्हापासून चिकटला आहे.

प्रसार सावकाश झाला. १८९० पर्यंत २७ शल्यविशारदांनी मिळून ४७ रुग्णांचे पित्ताशय काढले होते. १८९७ च्या सुमारास ही संख्या शंभराच्या जवळ पोहोचली आणि मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी नोंदले गेले. आजच्या वाचकाला पाचात एक मृत्यू भयंकर वाटेल. परंतु हे रुग्ण बहुधा अगदी शेवटच्या अवस्थेत येत, रक्त देण्याची सोय नव्हती, प्रतिजैविके नव्हती आणि खडा नेमका कोठे आहे हे पोट उघडण्यापूर्वी कळण्याचा मार्ग नव्हता. क्ष-किरणांचा शोधच १८९५ मधला. पित्ताशयाचे चित्र क्ष-किरणांनी घेण्याची पद्धत ग्रॅहम व कोल यांनी १९२४ मध्ये शोधली.

== इतर कार्य ==

पित्ताशयामुळे लांगेनबुख यांचे बाकीचे काम झाकले गेले आहे. मूत्रपिंड काढण्यासाठी पोटाच्या पुढील बाजूने जाण्याचा मार्ग त्यांनी वापरला. यकृताचा भाग ठरवून कापून काढण्याची त्यांची शस्त्रक्रिया १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा प्रकारच्या पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियांत तिची गणना होते. त्या स्त्री-रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच आतून रक्तस्राव सुरू झाला. लांगेनबुख यांनी पोट पुन्हा उघडले, वाहणारी शीर शोधून बांधली आणि रुग्ण वाचली. यकृत व पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८९४ आणि १८९७ मध्ये दोन भागांत निघाला. तो दीर्घकाळ या विषयाचा आधारग्रंथ होता.

== मृत्यू ==

९ जून १९०१ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, लांगेनबुख यांचा बर्लिनमध्ये मृत्यू झाला. आंत्रपुच्छ, म्हणजे बोलण्यातले अपेंडिक्स, फुटून पोटभर पू पसरणे हे मृत्यूचे कारण होते. पोटाच्या शस्त्रक्रियेचा एक नवा मार्ग दाखविणाऱ्या माणसाला पोटाच्याच अशा आजाराने नेले. त्या काळी हा आजार किती घातक होता याची कल्पना पुण्यातील एका प्रसंगावरून येते. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवडा तुरुंगात कैदेत असलेल्या महात्मा गांधींवर ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी याच आजारासाठी शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. रुग्णाच्या जिवाची चिंता देशभर होती. गांधीजी बरे झाले आणि ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली.

== पुढील प्रवास: छेदापासून छिद्रापर्यंत ==

लांगेनबुख यांच्यानंतर शंभर वर्षे पित्ताशय बरगडीखालच्या लांब छेदातूनच निघत राहिले. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतीलच ब्योब्लिंगन येथे एरिख म्यूहे यांनी पहिल्यांदा दुर्बिणीच्या साहाय्याने ते काढले. पुढच्या वर्षी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी हे सांगितले तेव्हा त्यांची थट्टा झाली; त्याच संस्थेने १९९२ मध्ये त्यांना मोठा पुरस्कार दिला. लांगेनबुख यांच्या वेळचा अविश्वास असा त्यांच्याच देशात दुसऱ्यांदा प्रकटला. १९८७ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे फिलिप मूरे यांनी, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच युरोप-अमेरिकेतील असंख्य शल्यविशारदांनी हा मार्ग धरला.

भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ती सुरू केली. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही ती होते आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. लोकांच्या तोंडी तिचे नाव दुर्बिणीचे ऑपरेशन असेच आहे.

छिद्र लहान म्हणजे शस्त्रक्रियाही लहान, असा समज मात्र चुकीचा आहे. उघड्या शस्त्रक्रियेत हाताच्या बोटांना ऊतींचा कठीणपणा, नाडीचे ठोके कळतात. दुर्बिणीत डोळ्यांनी पडद्यावर दिसेल तेवढेच खरे. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण उघड्या पद्धतीत हजारात एक-दोन असे. दुर्बीण आल्यावर ते हजारात तीन ते सहापर्यंत वाढल्याचे आढळले. ही इजा झाली तर रुग्णाला पुढे अनेक शस्त्रक्रियांना तोंड द्यावे लागते, कधी यकृतही निकामी होते. २००३ मध्ये अमेरिकेत अशा २५२ प्रकरणांचा अभ्यास झाला. त्यात ९७ टक्के वेळा हाताचे कौशल्य कमी पडलेले नव्हते. शल्यविशारदाच्या डोळ्यांना मुख्य नलिका हीच पित्ताशयाची नळी वाटली होती.

यावरचा तोडगा १९९५ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग यांनी मांडला. फ्रान्सचे झाँ-फ्रांस्वा कालो यांच्या नावाने ओळखला जाणारा, नळ्या व यकृत यांच्यामधला त्रिकोण पूर्ण मोकळा करावयाचा; पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावयाचा; आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी व एक रक्तवाहिनी, दिसल्यावाचून काहीही कापावयाचे नाही. आधी नळी नीट पाहा, मग बांधा, या लांगेनबुख यांच्या १८८२ च्या क्रमाचे हे काटेकोर रूप आहे.

== अवघडपणाचे मोजमाप ==

प्रत्येक पित्ताशय सारखे नसते. एखादे पातळ, निळसर, मोकळे असते आणि अर्ध्या तासात निघते. एखादे वारंवार आलेल्या सुजेने दगडासारखे घट्ट, आतड्याला चिकटलेले असते आणि त्रिकोण दिसतच नाही. पुरुष रुग्ण, वाढलेले वय, तीव्र सूज, जाड भिंत ही अवघडपणाची परिचित लक्षणे मानली जातात. लांगेनबुख यांचा पहिला रुग्ण पुरुष होता, सोळा वर्षांचा आजारी होता आणि त्याच्या पित्ताशयाची भिंत जाड होती. त्यांनी सोपा रुग्ण निवडून नाव कमावले असे म्हणता येणार नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी दिसणाऱ्या या अवस्थेला श्रेणी देण्याच्या पद्धती अलीकडे रूढ झाल्या आहेत. त्यांपैकी स्कॉटलंडमधील अहमद नासर यांची श्रेणी पित्ताशयाची अवस्था, नळी व तिच्याभोवतीची चरबी आणि चिकटलेपणा या तीन गोष्टींवर आधारलेली आहे. ब्रिटनमधील ८,८२० रुग्णांच्या नोंदींवर ही श्रेणी तपासून पाहण्यात आली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत सोप्या श्रेणीतील रुग्णांपैकी ७.६ टक्के जणांना तीस दिवसांत काही ना काही गुंतागुंत झाली. सर्वांत अवघड श्रेणीत हे प्रमाण २४.४ टक्के होते. सोप्या श्रेणीतील बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी गेले, अवघड श्रेणीतील रुग्णांचा मुक्काम साधारण चार दिवसांवर गेला. या मोजमापाचा उपयोग रुग्णालयांची तुलना न्याय्य करण्यासाठी होतो. अवघड रुग्ण स्वीकारणाऱ्या शल्यविशारदाचे आकडे वाईट दिसणे स्वाभाविक आहे. श्रेणी न पाहता त्याला दोष देणे योग्य ठरत नाही.

अवघड पित्ताशय समोर आल्यावर काय करावे, याचेही संकेत ठरले आहेत. दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हा त्यातला एक मार्ग. ते अपयश समजले जाऊ नये असे पाठ्यपुस्तके सांगतात, तरी रुग्णाचे नातेवाईक बहुधा तसे समजतात. दुसरा मार्ग पित्ताशयाचा धोकादायक भाग, म्हणजे नळीजवळचा बुंधा, जागेवर ठेवून उरलेला काढण्याचा. या दुसऱ्या मार्गात पुन्हा खडे होण्याची थोडी शक्यता राहते. लांगेनबुख यांच्या मूळ विचाराशी ही तडजोड आहे, पण मुख्य नलिका वाचविण्यासाठी ती केली जाते.

टेट यांची छिद्र पाडण्याची पद्धतही नाहीशी झालेली नाही. अतिशय आजारी, वृद्ध रुग्णाला पूर्ण शस्त्रक्रिया सोसवणार नाही असे वाटल्यास सोनोग्राफीच्या आधारे त्वचेतून पित्ताशयात नळी घालून पू काढला जातो. हा मार्ग अधिक सुरक्षित आहे, असे बरीच वर्षे गृहीत धरले जात होते. नेदरलँड्समधील रुग्णालयांनी अशा धोक्याच्या १४२ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून त्याची परीक्षा पाहिली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. दुर्बिणीने पित्ताशय काढलेल्या गटात गंभीर गुंतागुंत १२ टक्के रुग्णांना झाली, नळी घातलेल्या गटात ६५ टक्के रुग्णांना. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. फरक एवढा मोठा दिसल्याने प्रयोग मात्र ठरल्यापेक्षा लवकर थांबविण्यात आला.